कोराडीची वाट आणि मातामायचा न्याय

नागपूरच्या महालातून कोराडीच्या जगदंबेचं देऊळ 15-16 किलोमीटर. अश्विनात अनवाणी जायचं तर पहाटे चारलाच निघायला हवं, कारण दहा वाजले की डांबर चटके देतं. आमचा जथ्था साडेसहाला हलला. दोघं चहासाठी अडून बसले होते. त्या दोघांवरचा राग माझ्या मनात मानकापूरपर्यंत धुमसत होता.

जथ्थ्यात एक म्हातारी होती, तिच्या अंगात देवी येते. आदल्या रात्री मातामायच्या, म्हणजे वस्तीतल्या देवीच्या, ओट्यावर तिच्यापुढं दोघा भावांची फिर्याद आली. बापाच्या आजारपणासाठी उसने आणलेले पैसे कोणी खाल्ले?

पाटावर तांदळाचा चौक, कलश, विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू, तेलाचा दिवा. डहाका, म्हणजे देवीपुढं वाजवायचं वाद्य, हळू सुरू करून लय सावकाश चढवायची. घाई केली तर देवी येण्याआधी भोवळ येते. त्यात उपाशी पोट, धूप आणि बंद खोली असली की हमखास. म्हणून ओटा उघड्यावर असावा आणि पाण्याचा तांब्या जवळ. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, तर ती मिरगी समजायची. वाद्य थांबवून माणसाला कुशीवर निजवायचं आणि दवाखाना गाठायचा.

केस सुटले, हातात कडुनिंबाचा डहाळा आला, की जाणत्यानं तीनदा विचारायचं, "कोण आलं माय?" मग ज्याची फिर्याद त्यानंच ती सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची. बस, इतकंच. 'चोर कोण?' हे विचारायचं नाही. त्या रात्री एक पोरगा ओरडलाच, "नाव सांग माय!" जाणत्यानं डहाक्यावर पंजा ठेवून आवाज बंद केला. बरोबर केलं. नाव निघतं ते बहुतेक गावातल्या एकट्या बाईचं, आणि पुढं येतात दोरखंड आणि मिरचीची धुरी. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा छळाला 6 महिने ते 7 वर्षं कैद आहे. यात्रा-पूजेला तो कायदा हात लावत नाही.

माय एवढंच बोलली, "दोघंही कोराडीले पायी या. माझ्या दारी हिशेब मांडा, मंग नारळ फोडा."

सदर, छावणी, मानकापूर, सगळं मागं पडलं. पुढं कुठंतरी टाचेवर रुपयाएवढा फोड आला. पाणपोईवरच्या बाईनं न विचारता माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. "हालू नको बापा." सुई दिव्यावर लाल केली, निवू दिली, उकळलेला दोरा ओवला आणि फोडाच्या अगदी कडेनं आरपार नेला. दोन्ही टोकं बोटभर बाहेर ठेवली. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब झिरपू लागलं. मी कातडं ओढायला गेलो तर हातावर चापट बसली. "ते झाकण हाय. काढलं तं आग होते." वरून खोबरेल आणि धुतलेल्या लुगड्याची पट्टी. दोरा संध्याकाळी काढायचा, रात्रभर राहिला तर पू होतो. साखरेचा आजार असलेल्यानं हा उपाय करूच नये. पैसे देऊ लागलो तर तिनं हात मागं घेतला. "माह्या वाटचा एक नमस्कार कर." मला रडू आलं.

म्हातारी आता साधी म्हातारी होती, गुडघा धरून कण्हत चाललेली. तिची पिशवी धाकट्याच्या खांद्यावर. थोरला रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालत होता.

कोराडीला तलावाचा वारा लागला. जगदंबेची तीन रूपं सांगतात, सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा. आमच्या वाट्याला शेवटचं आलं. मी दोनदा माथा टेकला.

बाहेर पायरीवर थोरल्यानं सदऱ्याच्या खिशातून घामानं ओली झालेली चिठ्ठी काढली. औषधाचे आकडे तो मोठ्यानं वाचू लागला. एका आकड्यावर अडला, खाली बघत राहिला. धाकट्यानं नारळ बाजूला ठेवला आणि त्याच्याशेजारी बसला.