प्लॅस्टरवर बसलेला सातभाई

एप्रिलात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पातेलं घेऊन गच्चीवर चढताना माझा पाय सटकला. पातेलं वाचलं, घोटा मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. अमळनेरचा मे महिना कसा असतो ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. पारा ४४ वर गेला की पंखासुद्धा लूच फेकतो. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेआठ मागच्या अंगणात निंबाखाली मी बसायची. समोर स्टूल, स्टुलावर पाय. बाकी दिवस खोलीत छताकडे बघत.

आतापर्यंत पाखरं म्हणजे माझ्या लेखी बिबडे-चोर. पंचवीस वर्षं उन्हाळ्यात काठी घेऊन गच्चीवर राखण केली आहे. बिबड्यांत लसूण-मिरची कितीही घाला, त्यांना फरक पडत नाही. मिरची आपल्याला झोंबते तशी पाखरांना झोंबतच नाही. मीठ मात्र त्यांना बाधतं. शिळी शेव, फरसाण टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तर निंबाखाली रोज सातभाईंची टोळी यायची. नऊ होते, मी मोजले. मळकट राखाडी अंग, पिवळी चोच आणि पांढुरके डोळे. सतत कुणाशी तरी भांडून आल्यासारखा चेहरा. आठ जण पालापाचोळा उलटत बसायचे आणि एक भिंतीवर पहाऱ्याला. मी काठी उचलू शकत नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलं असावं.

मुलाला सांगून मातीच्या परळात भिजवलेले शेंगदाणे बारीक तुकडे करून ठेवले, खुर्चीपासून दहा फुटांवर. पाण्याचं कुंडं शेजारी. परळ रोज वीतभर जवळ. कधी घाई केली की दोन दिवस वाया जायचे. वेळ तीच, खुर्ची तीच, अंगात तोच निळा गाऊन. सूनबाई म्हणाली, "आई, तो धुवायला तरी द्या." दिला, तर त्या सकाळी पिवळ्या गाऊनला बघून पहारेकऱ्याने असा कालवा केला की सगळे पसार.

मोठी अडचण बांगड्यांची निघाली. हात जरा हलला की किणकिण, आणि किणकिण झाली की नऊच्या नऊ शेवग्यावर. काढून ठेवायच्या म्हटलं तर शेजारच्या जिजी ऐकणाऱ्यातल्या नाहीत. शेवटी बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि रुमालाने आवळून बांधल्या. जिजी भिंतीवरून डोकावल्या. "काय व माय, पाखरं पोसी राहिनी का?"

सत्ताविसाव्या दिवशी एक जण प्लॅस्टरवर येऊन बसला. टाचेजवळ निघालेला कापूस ओढून पाहिला, पसंत पडला नाही. मग गुडघ्यावर ठेवलेल्या माझ्या उघड्या तळहाताकडे मान वाकडी करून बघत राहिला. मी दुसरीकडेच, तुळशीकडे बघत होते. टक लावून बघितलेलं त्यांना चालत नाही. मांजर तसंच बघतं. बोटं सपाट, अंगठा बाजूला. तो अंगठ्याच्या बुडाशी उतरला. वजन साठ-सत्तर ग्रॅम असेल, पण पंजे चांगले खरखरीत, खराट्याच्या काड्या टेकवाव्यात तसे. दाणा उचलला, टाकला, मोठा उचलला आणि गेला. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी तो पुसला नाही. पुढच्या चार दिवसांत आणखी तिघे आले. यांचं सगळं टोळीने चालतं. एकाने धीर केला की बाकीचे मागे येतात. चिमण्यांना तेवढंच जमलं नाही. आपल्याच घरात राहतात, पण हाताजवळ येतील तर शपथ.

भाऊ शेतातून कपाशीवरच्या अळ्या आणून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. फवारणी झालेलं पीक, विषाची काय परीक्षा घ्यायची? जुन्या दादर ज्वारीच्या पोत्यात निघालेल्या अळ्या मात्र चाळणीने काढून देते. पण सकाळी दहा-बारा तुकडे, त्याहून जास्त नाही. बाकी त्यांनी पाचोळाच उलटावा. आणि गल्लीतली पोरं असली तर हात पदराखाली. यांतल्या एकाकडे बेचकी आहे, आणि माझ्या हाताला सोकावलेलं पाखरू त्याच्याही हाताजवळ जाईल, ही धास्ती मला अजून आहे.

प्लॅस्टर जूनमध्ये निघालं. पावशाचं "पेरते व्हा" थांबलं, पेरण्या आटोपल्या. जुलैअखेरीला सातभाईंबरोबर एक नवंच पिल्लू दिसू लागलं. अंगाने त्यांच्याहून मोठं, शेपटीवर पट्टे, आणि तोंड सदा उघडं. पावशा अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. अंडी दोघांचीही निळी, त्यामुळे बिचाऱ्यांना संशय येत नाही. परवा माझ्या तळहातावर दादरची शेवटची अळी होती. सातभाईने ती उचलली, पण गिळली नाही. शेवग्यावर गेला आणि त्या उघड्या तोंडात कोंबली.

"हाई लेकरू त्यासनं नही व," जिजी भिंतीवरून म्हणाल्या.

तोवर तो परत येऊन माझ्या अंगठ्यावर बसला होता, आणि रिकाम्या तळहाताकडे रागाने बघत होता.