हरवलेले दोनशे ऐंशी मिलिग्रॅम

विट्यात वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचा खरा सीझन दिवाळी. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर पांगलेली आहेत. सणाला गावी येतात तेव्हा काहीजण स्वतःचा काटाही घेऊन येतात. दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण.

मागच्या दिवाळीत अमृतसरला गलाई करणारे एकजण दुकानात आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. काटा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्यो खोटं बोलतोय का तेवढं बघा. न्हाईतर मग माझा भाऊ बोलतोय."

प्रकरण असं होतं. आईच्या माघारी तिचे दागिने अण्णांनी अमृतसरला नेऊन गाळले आणि एकच लगड केली. तिथं वजन भरलं 250.00 ग्रॅम. वाटणीसाठी लगड गावी आणली, रात्रभर धाकट्याच्या कपाटात राहिली आणि सकाळी त्याच काट्यावर 249.72. म्हणजे 280 मिलिग्रॅम गेले. तुम्हा-आम्हाला ही चिमूटभर गोष्ट. पण गलाईवाला दुकानातली झाडलोटसुद्धा जाळून तिच्यातलं सोनं काढतो.

काटा अर्धा तास चालू ठेवून तापू दिला. काट्याचे पाय फिरवून पातळीचा बुडबुडा मध्ये आणला, पंखा बंद केला. चिमट्यानं माझं तपासणीचं 200 ग्रॅमचं वजन ठेवलं: 199.78. चारही कोपऱ्यांवर सरकवून बघितलं, तेच. 100 चं ठेवलं, 99.89. उचललं की लगेच शून्य. लोडसेल, म्हणजे वजन जोखणारा आतला भाग, गेला असेल तर आकडा तरंगतो, कोपऱ्याकोपऱ्याला बदलतो, शून्यावर नीट परत येत नाही. हा काटा बिघडलाच नव्हता. हा अगदी शिस्तीत कमी दाखवत होता, शंभराला अकरा शतांश.

इथं एक कबुली देतो. उत्तरेकडून आलेले असे काटे माझ्याकडे आधीही आलेत. "प्रवासात दणका बसलाय" म्हणून सांगायचं, कॅलिब्रेशन फिरवायचं, पैसे घ्यायचे. बावीस वर्षं हेच केलं. या वेळी मधे भाऊ उभा होता म्हणून डोकं लावलं.

इलेक्ट्रॉनिक काट्याला वस्तुमान कळत नाही. त्याला फक्त पारड्यावरचा दाब कळतो. दाबाखाली लोडसेलची ॲल्युमिनियमची पट्टी डोळ्याला कळणार नाही इतकीच वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा रोध बदलतो आणि त्याचा आकडा होतो. आणि तो दाब सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, शिवाय तिथं फिरण्याचा झोकही जास्त. त्यामुळे दक्षिणेला वजन जरा हलकं भरतं. विटा अमृतसरच्या दक्षिणेला तर आहेच, वर उंचावरही आहे. हिशेब केला तर फरक येतो हजारात साधारण एक, थोडासा जास्तच. काटा जिथं वापरायचा तिथंच लावून घ्यायचा असतो तो यासाठी. पण आता कुरिअरनं काटा येतो, खोकं फोडलं की थेट गल्ल्यावर. दिलेल्या ठिकाणी लावून द्यायची तसदी बरेच विकणारे घेत नाहीत आणि घेणाऱ्याला सूट किती तेवढंच विचारायचं असतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पंजाबात जमीन माझं सोनं जास्त वडती?" असं म्हणून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू धाकट्यानं मलाही गाठलंय.

काट्याला अमृतसरच्या वजनमापे खात्याचं सील होतं, म्हणून तो उघडायचा नाही असं ठरवलं. त्याऐवजी वडिलांचा काचेच्या पेटीतला तराजू काढला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. तराजूत दोन पारडी. पृथ्वी ओढेल ती दोन्हींना सारखीच, म्हणून तो अमृतसरला काय, विट्यात काय, एकच बोलतो. एका पारड्यात लगड, दुसऱ्यात 250 ची वजनं. मग पारडी बदलून पुन्हा तोललं, कारण दांडीची एक बाजू जराशी लांब असली तर ती चूक तिथंच उघडी पडते. ही अदलाबदल आता दुकानात फारसं कोणी करत नाही. दोन्ही वेळा जीभ मधोमध थांबली.

अण्णा वाकून बघत होते. धाकटे दारातच उभे होते. त्यांनी तराजूकडे बघितलंच नाही. "झालं का मोजून?" म्हणाले आणि धारा काढायला गोठ्याकडे गेले. वहिनी चहा घेऊन आल्या नाहीत.

अण्णांची अकरावीतली मुलगी मात्र पेटीजवळून हलेना. "काका, ही ओढ पोचायला किती वेळ लागतो? सूर्य आत्ता गायब झाला, तर पृथ्वीला कधी कळेल?"

"लगेच," मी म्हणालो. तिनं मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

रात्री वाचत बसलो आणि घाम फुटला. माझं उत्तर न्यूटनच्या हिशेबातलं होतं. ओढ कशामुळे, ते खुद्द न्यूटननंही सांगितलं नव्हतं. आइनस्टाइननं 1915 मध्ये मांडलं, की ओढ अशी नाहीच. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वाकतात, आणि मोकळी सोडलेली वस्तू त्या वाकलेल्या वाटेनं जाते. पडणाऱ्या माणसाला वजन नसतं. म्हणजे माझा काटा पृथ्वीची ओढ मोजतच नाही. लगडीला तिच्या वाटेनं जाऊ न देता तो तिला खालून जेवढा रेटतो, तेवढी स्वतःचीच रेटणी मोजतो. हे वाचून मी उठून पाणी प्यायलो.

या वाकण्यात झालेला बदल प्रकाशाच्याच वेगानं पुढं सरकतो. सूर्याची बातमी आपल्याला सव्वाआठ मिनिटांनी कळणार. हे तोलून बघितलं गेलं 17 ऑगस्ट 2017 ला. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षं दूर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गोळे, एकमेकांवर आदळले होते. त्यांची गुरुत्वलहर, म्हणजे वाकण्यातल्या बदलाची लाट, त्या दिवशी आली आणि 1.7 सेकंदांनी गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, आले. 13 कोटी वर्षांच्या वाटचालीत पावणेदोन सेकंदांचं अंतर, आणि तेही किरण निघतानाच उशिरा निघाले म्हणून असू शकेल. ती लहर पकडणाऱ्या यंत्रांच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा प्रोटॉनच्याही बारीक अंशानं हलतात. शेवटी तेही लांबीतला फरकच मोजतात, माझ्या लोडसेलसारखा. तसलं एक यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणार आहे.

आणि अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात, असंही त्या टकरीच्या उजेडावरून दिसलं. त्या मुलीच्या आजीच्या पाटल्यांतही असलीच कुठली तरी टक्कर असेल. ती लगड मी संध्याकाळी दोनदा हातात घेतली होती.

सकाळी मुलीला सांगायला गेलो, तर अण्णा पहाटेच गेले होते. वाटणी झाली होती.

आठवड्यानं फोन आला. "मिस्त्री, काटा आपोआप बरा झाला! माझा वाटा हितं बरोबर 125 भरला."

म्हटलं, अण्णा, धाकट्यांना केला का फोन? ते म्हणाले, करतो. मग पोरीला द्या म्हटलं, तर ती क्लासला गेली होती.