काका लगेच ‘चालेल’ म्हणाले

झोप येत नाहीये. निलूला उठवलं तर ती परत तेच म्हणणार, अगं गाडीचा सौदा झाला ना, झोप आता.

सौदा झाला हाच तर प्रॉब्लेम आहे. मी किंमत कमी करून सांगितली, म्हणजे चांगलीच कमी, सांगताना माझीच जीभ अडखळली. ठरवलं होतं की ते हसतील, मग मी थोडी वर जाईन, ते थोडे खाली येतील, कुठेतरी मधे जमेल. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चालेल." एवढंच! माझी पुढची पाठ केलेली वाक्यं तोंडातच राहिली.

लगेच का म्हणाले? अजून कमी सांगायला हवं होतं का? की गाडीत असं काहीतरी आहे जे मला दिसलं नाही आणि ती एकदाची दारातून जावी असं त्यांना झालंय?

बघायचं ते सगळं बघितलं मी. आधीच सांगून ठेवलं होतं की चालू करून ठेवू नका, इंजिन गरम झालं की बरीच दुखणी लपतात. बॉनेट गार होतं. पहिल्या सेल्फला लागली, निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नसावं. ऑइलचं झाकण उघडलं, आत पांढरट साय नव्हती, ती असली की हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनमधलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या सीलची शंका येते. स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली, कटकट नाही. चेसी नंबर कागदांशी जुळवला, गाडीवर कर्ज नाही. चटया उचलून वाससुद्धा घेतला आणि काका शेजारीच उभे, लोकांच्या घरी जाऊन त्यांचा फ्रिज उघडून बघितल्यासारखं वाटत होतं.

टायरवर शेवटचे चार आकडे ३२१६, म्हणजे २०१६ च्या ३२ व्या आठवड्यातले. नक्षी मस्त आहे पण कडेला रबराला भेगा, चारही बदलावे लागणार. टायमिंग बेल्ट कधी बदलला विचारलं तर म्हणाले, "बदलला असेल." असेल! तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिनच उघडायचं. म्हणजे त्या एका ‘चालेल’मध्ये जे वाचलं ते बेल्ट आणि टायरमध्ये गेलंच समजा. आईकडून घेतलेल्या पैशांचं आज नको.

रडूच आलं मगाशी. ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांना काही स्वस्तात मिळालं की आनंद होत असेल, मला संशय येतो. लोक गाडी घेताना रंग निवडतात, मी तो रंग बघून आधी विचार केला की ठोकून परत मारलाय का. (नाही. मुळातच तसला आहे.)

क्लच पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत आणि मीटरवर किलोमीटर कमी, तिथे मी अडकले होते. मीटर मागे फिरवलं असेल तर असंच दिसतं. तेवढ्यात डॅशबोर्डच्या कप्प्यात ती वही सापडली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर, बारीक गोल अक्षरात, हवा भरली तरी नोंद. पानामागून पान आकडे नीट चढत गेलेले, मीटरशी बरोबर जुळणारे. शेवटी दोनच ओळी वेगळ्या, मोठ्या वाकड्या अक्षरात. पुढे कोरी.

"क्लचवर पाय ठेवूनच चालवायची ती," काका म्हणाले, आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागले. मी विचारलं नाही.

वही गाडीबरोबर देणार ना, एवढं मात्र विचारलं. किंमतीला पापणी न हलवणारा माणूस इथे थांबला. "वहीचं बघू."

बघू म्हणजे नाहीच बहुतेक. मघापासून मी ‘चालेल’चा कीस काढतेय, यात गाडीचा काही दोष असेल असं आता फारसं वाटत नाही, आणि अजून कमी सांगायला हवं होतं हे तर आता मनातसुद्धा म्हणवत नाही. पण बेल्ट कधी बदलला हे त्या वहीतच असणार, हवेची नोंद ठेवणारी बाई बेल्टची सोडेल होय. उद्या सह्या करायला जाताना काकांना म्हणेन, वही राहू द्या तुमच्याकडे, मला फक्त बेल्टच्या पानाचा फोटो काढू द्या.