कळशी आणि हरवलेले चार व्होल्ट

मे महिन्यात मालवणजवळच्या गावी गेलो की घरातली आणि शेजारची मिळून पाच पोरं माझ्या गळ्यात पडतात. "तू इंजिनिअर ना, मग शिकव काहीतरी." यंदा ठरवलं, पाण्याखाली चालणारं यंत्र करायचं.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या सी ग्रँट या सागरी संशोधन विभागाने २००३ मध्ये शाळकरी मुलांसाठी 'सीपर्च' हा उपक्रम सुरू केला. पीव्हीसी पाइपची चौकट, तीन छोट्या मोटरी, बारा व्होल्टची बॅटरी. पाणी शिरू नये म्हणून मोटर कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत ठेवून, कमोडच्या बुडाशी लावतात त्या मऊ मेणाने डबी गच्च भरायची. फिल्मची डबी आता कुठली? आम्ही गोळ्यांच्या डब्या घेतल्या. मेणबत्तीचं मेण गार होताच तडकलं, म्हणून त्यात व्हॅसलिन कालवलं. ते जमलं.

पण पहिले दोन दिवस यंत्राला हातच लावू दिला नाही. माडाची सुकलेली पोय, म्हणजे फुलोऱ्यावरचं आवरण, घेऊन होड्या केल्या. पोय मुळातच होडीच्या आकाराची, त्यामुळे पोरांना वाटलं हे काय, सोपंच. टाकीत सोडली की कलंडायची. शेजारचे आजोबा पूर्वी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला जायचे. ते काही बोलले नाहीत. बांबूच्या दोन कामट्या आडव्या बांधल्या, त्यांच्या टोकाला पांगाऱ्याचं हलकं लाकूड लावलं आणि निघून गेले. उलांडी! होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ती. रोज किनाऱ्यावर बघतात ही पोरं, पण ती कशासाठी असते हे त्या दिवशी कळलं.

यंत्राची चौकट मात्र त्यांनी आपल्या डोक्याने केली. पाइपची टोकं सोल्युशन लावून बंद केली, हवा आत राहिली की तरंगेल म्हणून. एका कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि ते आत इकडून तिकडे धावायला लागलं. यंत्र दारुड्यासारखं झुलायचं. मला माहीत होतं काय होतंय, पण जीभ चावून गप्प बसलो (बायको म्हणते, हा चमत्कारच). तासाभराने सातवीतली पुतणी ड्रिल घेऊन आली आणि तिने पाइपला सगळीकडे भोकं पाडली. पाणी सगळीकडून आत, मग प्रश्नच मिटला. तरंगायला वर जाळ्याचे दोन बोये, खाली नीरम म्हणून, म्हणजे तोल राखणारं वजन म्हणून, पितळी नट.

मग मोटरी जोर लावेनात. बॅटरीपासून मोटरीपर्यंत वीज न्यायला नेटवर्कची केबल लावली होती, पंधरा मीटर. मल्टिमीटर पोरांच्या हातात दिला. बॅटरीपाशी १२.४ व्होल्ट, मोटर चालू असताना तिच्यापाशी ८.२.

"काका, चार व्होल्ट गेले खंय?"

तारेत गेले, उष्णता होऊन, असं सांगितलं. भाच्याने लगेच केबल मुठीत धरली. "गरम तर लागत नाय." बरोबर होतं त्याचं. जेमतेम सात वॉटची उष्णता पंधरा मीटरभर पसरली तर हाताला काय लागणार? गणित पाटीवर केलं तरी त्याला माझ्यापेक्षा हातावरच जास्त भरवसा. शेवटी त्याच्या समाधानासाठी केबल कापून नऊ मीटर केली. आकडा साडेनऊच्या वर गेला आणि पंखे खणखणीत फिरले. तेव्हा कुठे साहेबांची खात्री पटली.

शेवटच्या दिवशी यंत्र विहिरीत सोडलं. कठड्यावर वाकायचं नाही, केबल फक्त मी धरणार, ही अट. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला एंडोस्कोप कॅमेरा चौकटीला बांधला होता. मेमधली विहीर, पाणी दोन-अडीच मीटर. पडद्यावर आधी नुसता हिरवा धूर, मग चिऱ्याची भिंत, एक बेडूक.

काकी पदर खोचून आली. "अरे, गेल्या चवतीक पडलेली माझी कळशी दिसता काय बघ."

दिसली. गाळात आडवी, तोंड आमच्याकडे. यंत्राला ती उचलणं शक्य नव्हतं, पण माळ्यावर जुना लोखंडी गळ होता. मी गळ सोडला, पुतणी पडद्यावर बघून सांगत होती, "डावीकडे, अजून, थांब, उजवीकडे." चौथ्या खेपेला गळ अडकला. ओढला तर कळशी आली, आणि तिच्या मागोमाग केबलमध्ये गुरफटलेलं आमचं यंत्र, उलटं, एक पंखा अजून फिरत.

काकीने कळशी घेतली, आतला गाळ ओतला आणि चिंच शोधायला गेली.