यॉर्कमध्ये गेट म्हणजे रस्ता

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या यॉर्क शहरात नवीन आलेल्या माणसाला इथले लोक एक वाक्य हमखास ऐकवतात: आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार आणि बारला पब. हे गमतीने सांगितलं जातं, पण ते अक्षरशः खरं आहे.

866 मध्ये व्हायकिंगांनी हे शहर जिंकलं आणि त्याला यॉर्विक म्हणू लागले. त्यांचा शेवटचा राजा एरिक ब्लडॅक्स 954 मध्ये हाकलला गेला. राज्य संपलं, पण रस्त्यांची नावं तीच राहिली. त्यांच्या भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत, आणि स्वीडनमध्ये आजही तोच शब्द आहे. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता. स्केल्डरगेट हा ढाली करणाऱ्यांचा, तर कॉपरगेट लाकडी पेले-वाडगे कातणाऱ्यांचा. या कॉपरगेटचं नाव वाचून तांबट आळी आठवते, पण तांब्याशी त्याचा संबंध नाही. 1970च्या दशकाअखेर तिथे उत्खनन झालं, तेव्हा व्हायकिंगांची घरं सापडली आणि लाकूड कातून उरलेले तुकडेही. रस्त्याच्या नावाचा असा पुरावा जमिनीखाली मिळावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

दरवाजा या अर्थाचा गेट मात्र वेगळा. तो जुन्या इंग्रजीतला. दोन भाषांतले दोन शब्द काळाच्या ओघात एकाच रूपात आले. म्हणून लंडनच्या ऑल्डगेट, मूरगेट, बिशप्सगेट या नावांत खरोखरच्या वेशी आहेत. त्यातल्या बहुतेक 1760च्या सुमारास पाडल्या. उत्तरेकडे लीड्सचं ब्रिगगेट किंवा वेकफील्डचं कर्कगेट पाहा, तिथे पुन्हा रस्ताच. डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, कुठे वसले, हे साध्या नकाशावरून असं ओळखता येतं! माणसाची चाल या अर्थाचा गेट (त्याचं स्पेलिंग वेगळं) हाही याच रस्त्यावाल्या शब्दातून निघाला.

मग वेशीला बार का? तो शब्द फ्रेंचमधून आला, अर्थ अडसर. वाट अडवणारा आडवा दांडा तो बार. कोर्टातल्या कठड्यालाही बार म्हणत, म्हणून वकिलांचा बार. दारू ज्या कठड्यावरून देत, तोही बार. आपल्याकडची बार असोसिएशन आणि बियर बार यांचं मूळ असं एकच आहे.

यॉर्कच्या मिकलगेट बारवर 1460 मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क रिचर्डचं मुंडकं लावलं होतं, कागदी मुकुट घालून. त्या वेशीतून आजही लोक बाजारहाटाला जातात.

इकडे याल तर रेल्वे स्टेशनवरून थेट मोठ्या दुकानांकडे जाऊ नका. आधी मिकलगेट बार गाठा. तिथून मिकलगेट उतरून ऊझ नदीचा पूल ओलांडा, आणि ऊझगेटवरून कॉपरगेटला या. वीस मिनिटं पुरतात, आणि पूल व त्याच्या अलीकडचा छोटा तुकडा सोडला तर सगळी वाट व्हायकिंगांच्या नावांवरून जाते.