पहिली सम यायच्या आत हिशोब पूर्ण

पुण्यात एका छोट्या स्टुडिओत मी रेकॉर्डिंग-मिक्सिंग करतो, जास्त काम शास्त्रीय गाण्याचंच. परवा एका गायिकेचा पूरिया राग फायनल करत होतो, आधी विलंबित म्हणजे संथ लयीत एकताल, मग द्रुत म्हणजे जलद, सगळं मिळून चाळीसेक मिनिटं. ताई शेजारीच बसलेल्या. तेवढ्यात गाणी ॲप्सवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडच्या मुलाचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला तर तो म्हणतो, सर सुरुवातीचा आलाप काढा, बंदिश लगेच चालू होऊ दे, आणि एक सलग ट्रॅक नको, तीन-तीन मिनिटांचे तुकडे करा नाहीतर अल्गोरिदम उचलणार नाही.

पोरगा खोटं बोलत नव्हता. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, मग गाणं अडीच मिनिटांचं असो नाहीतर चाळीस. ताईंच्या लयीत एकतालाचं एक आवर्तनच, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेराच, पाऊण मिनिट घेतं! म्हणजे फेरा फिरून पहिली सम, तालाची पहिली मात्रा, यायच्या आत हिशोब पूर्ण, पुढे कोणी जीव लावून शेवटपर्यंत ऐकलं तरी त्याचं वेगळं काही नाही. बरं तुकडे करावेत तर 2024 पासून वर्षभरात 1000 स्ट्रीम्स न झालेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही. चालणार ते द्रुतमधल्या तानांचे एखाद-दोन तुकडे, बाकी सगळे कोरडे.

ताईंची शिष्या पण होती, तिने फोन काढून दाखवलं, पूरिया संपला की तिला ऑटोप्ले काय लावतं तर पावसाच्या आवाजावर बासरी, झोप लागण्यासाठी. शिकणाऱ्या मुलीला पूरियानंतर मारवा मिळायला हवा ना, स्वर तेच पण गंधार-निषादावर जोर आला की पूरिया आणि रिषभ-धैवतावर आला की मारवा, हे शेजारी शेजारी ऐकूनच कानात बसतं.

कोणी म्हणेल 1902 ला, आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये, गायिका गौहर जान पण तीनच मिनिटं गायल्या. हो, पण ती मर्यादा तबकडीची होती आणि त्या तेवढ्यासाठी बेतून गायल्या, झालेल्या गाण्याला मागून कोणी कात्री लावली नाही.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे तोडू नकोस रे. छोटं पाहिजे ना त्यांना, मग छोटंच गाते." तबलजी निघाले होते त्यांना जिन्यातून परत बोलावलं, तानपुरे पुन्हा जुळवले आणि मध्यलयीत तीन मिनिटांची बंदिश नव्याने बांधून गायल्या, इतकी घोटीव की मी लेव्हल बघायचं विसरून ऐकत बसलो.

दोन्ही रिलीज केलं. छोटी बंदिश बरी चाललीये, पण ती संपली की ॲप दुसऱ्याच कोणाचं तरी तेवढ्याच लांबीचं गाणं लावतं, ताईंचा तो चाळीस मिनिटांचा ख्याल त्यांच्याच पानावर पार खाली पडून आहे. मला याचा खरंच राग येतो, कारण ज्यांना ती बंदिश आवडली त्यांनाच तर हा पूरिया ऐकवायचा होता.