‘कोण बोलतंय?’ असं मी का विचारतो

दारव्ह्याच्या मावशीनं मागच्या महिन्यात फोन केला. मी ‘कोण बोलतंय?’ म्हणालो तर तिनं फोन ठेवूनच दिला. मग आईजवळ म्हणाली, ‘तुह्या पोराच्या फोनात मावशीले जागा नाही का वं?’ त्याआधी कृषी केंद्रवाल्यांनी विचारलं होतं, शाळेतल्या सरांनी विचारलं होतं, साळ्याच्या लग्नात तर पंगतीत चारचौघांसमोर विचारलं गेलं. दिवसभर लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरणारा माणूस आमचा नंबर सेव्ह काहून करत नाही? आम्ही एवढे परके झालो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आजवर ‘फोन फॉरमॅट झाला’, ‘सिम नवीन आहे’ असं सांगून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. माझ्या फोनमध्ये कोणाचंच नाव नाही. बायकोचं नाही, आईचं नाही. नंबर सगळे वहीत आहेत आणि वही दुकानातल्या गल्ल्याच्या खणात आहे. व्हॉट्सॲप आहे, कारण त्याशिवाय दुकान चालत नाही, पण त्याला फोनबुकची परवानगी दिलेली नाही. म्हणून तुमचा आधार आला, सातबारा आला, की मला नुसता दहा आकडी नंबर दिसतो आणि मी विचारतो, कोण?

याला तुम्ही माज म्हणता. काही जण भीती म्हणतात. भीती म्हणालात तर मी भांडणार नाही.

आधी मी असा नव्हतो. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण पेपरात आलं, तेव्हा मी ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. फेसबुकवर प्रश्नोत्तरांचं एक ॲप होतं. ज्यांनी ते घेतलं त्यांची माहिती त्या कंपनीकडे गेलीच, पण त्यांच्या मित्रयादीतल्या लोकांचीही गेली. फेसबुकनंच आकडा दिला होता: भारतात ते ॲप घेणारे ३३५ जण, आणि ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता आहे असे ५ लाख ६२ हजारांवर. हे वाचून मी म्हणालो होतो, ‘आपल्याले काय? आपण कास्तकार लोक. आपलं काय लपवाचं आहे?’ ३३५ आणि साडेपाच लाख हे दोन आकडे मी शेजारी शेजारी वाचले आणि त्यांच्यामधलं अंतर मला दिसलं नाही. त्या दिवशीच्या ‘मी’चा मला आजही राग येतो. तो अडाणी नव्हता. तो वाचत होता.

आता दादाचं सांगतो. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गावातल्या बऱ्याच जणांना यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी कधी सांगितलेलं नाही.

२०२१ चा खरीप. पहिल्या पावसावर पेरलं आणि पुढं पावसानं दडी मारली. दादाचं दीड एकर उलटलं. दुबार पेरणीला बियाणं उधारीवर मिळालं, पण खताला पैसे नव्हते आणि पीककर्जाची फाईल बँकेत अडकलेली. एका सकाळी तो दुकानात आला. त्याला फोनवर एका ॲपची जाहिरात आली होती, पाच मिनिटांत कर्ज, कागद नाही, जामीन नाही. ‘पाहून दे बावा,’ म्हणाला. मी पाहिलं. प्ले स्टोअरवर होतं, चांगले तारे होते, खाली लोकांनी ‘बहुत अच्छा’ लिहिलेलं होतं. मी ते त्याच्या फोनात टाकलं. पॅनचा फोटो मी काढला, आधारचा मी काढला, दादाला उजेडात उभं करून सेल्फी मी घेतला. मग त्या ॲपनं विचारलं, तुमचे संपर्क पाहू देणार का? मी ‘परवानगी द्या’ दाबलं. दादानं ते वाचलंसुद्धा नाही. त्याचं बोट तिथं लागलंच नाही. माझं लागलं.

६,००० मंजूर झाले. खात्यात ३,६०० आले, बाकीचे कसल्याशा शुल्कात कापले. सात दिवसांत ६,००० परत करायचे, हे पैसे जमा झाल्यावर कळलं. तरी आम्ही म्हटलं, ठीक आहे, गरज आहे.

सहाव्या दिवशी, म्हणजे मुदत संपायच्या आधीच, फोन सुरू झाले. आधी दादाला. मग त्याच्या फोनमधल्या लोकांना. दादाच्या फोनमध्ये २१२ नंबर होते. जिनिंगवाला, ट्रॅक्टरवाला, नागपूरची बहीण, ग्रामसेवक, वर्धेचे डॉक्टर. त्यातल्या कोणीही कर्ज घेतलं नव्हतं, कोणीही कशालाही हो म्हटलं नव्हतं. त्यांच्या व्हॉट्सॲपवर दादाचा मी काढलेला सेल्फी गेला, शेजारी पॅन, आणि वर लाल अक्षरांत ‘चोर’. त्या फोटोत दादा थोडा हसतो आहे. मी म्हणालो होतो, ‘हास ना जरासा.’

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या कित्येकांना तो फोटो आलाही असेल.

दादाची मुलगी तेव्हा नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला घरात चिमी म्हणतात. शाळेत, कॉलेजात, आधारवर, सगळीकडे वेगळं नाव. चिमी हे नाव फक्त आमच्या चार घरांत चालतं. दादानं पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा त्याच्या जुन्या फोनमधले आणि डायरीतले नंबर मीच बसून नव्यात टाकले होते. लेकीच्या नंबरापुढे काय नाव टाकू विचारलं तर तो म्हणाला, ‘चिमी टाक.’ मी टाकलं.

त्या संध्याकाळी ती वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवत होती. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘चिमी, तेरे बाप ने हमारा पैसा खाया है.’ पुढं जे बोलला ते मी लिहिणार नाही. तिनं नंतर वहिनीला सांगितलं, शिव्यांनी ती एवढी घाबरली नाही. पहिल्या शब्दाला घाबरली. तिला वाटलं घरातलाच कोणी आहे. एक क्षण तिनं आवाज ओळखायचा प्रयत्न केला, कोण काका, कोण मामा. मग तिच्या फोटोत दुसरंच काही जोडून पाठवू असं तो म्हणाला, तेव्हा तिनं फोन बंद केला आणि तीन दिवस बंद ठेवला. त्या तीन दिवसांत आमच्या घरात काय झालं ते विदर्भातल्या माणसाला फोडून सांगायला नको. वहिनीनं फवारणीचे डबे उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवले. मी रात्री दादाच्या ओसरीवर झोपलो. दोघंही जागे होतो, दोघंही बोललो नाही.

पैसे भरले. आठव्या दिवशी पूर्ण ६,००० माझ्या फोनवरून भरले. तरी चार दिवस फोन येत राहिले. पोलीस ठाण्यात गेलो तर सांगितलं, ॲप काढून टाका. ॲप काढून काय होतं? यादी तर गेली होती. चिमीनं नंबर बदलला. माझ्याशी ती वर्षभर बोलली नाही. दादानं तिला माझं नाव सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं. सांगायला नको होतं असं कधी कधी वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, ते चोर होते, चोरांचा राग बाकीच्यांवर कशाला? गुगल, व्हॉट्सॲप यांनी काय केलं? हे मी स्वतःलाही विचारतो. चोर वेगळे आणि या कंपन्या वेगळ्या, हे मान्य. पण घराला दरवाजा कसा बसवला हे दरवाजा बसवणाऱ्यालाच विचारावं लागेल. अँड्रॉइडवर तेव्हा ‘परवानगी द्या’ म्हणजे सगळी यादी. त्यातले दोन नंबर द्या, बाकीचे राहू द्या, असं त्या पाटीवर सांगायची सोय नव्हती. आणि ती सोय अशक्य होती असंही नाही. आयफोनवर २०२४ मध्ये आयओएस १८ आलं, तेव्हापासून कोणते संपर्क ॲपला दाखवायचे ते निवडता येतं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढला की कर्जाच्या ॲपनं फोनबुक, कॉलची यादी, फाईली यांना हात लावायचा नाही. गुगलनं ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो घ्यायला मनाई केली. चांगलं केलं. आमच्यासाठी दोन वर्षं उशिरा केलं.

व्हॉट्सॲपचंही नीट सांगतो, कारण माझ्या नावावर गावात अफवा फिरायला नको. तुमचे निरोप कंपनी वाचू शकत नाही, हे खरं आहे. पण फोनबुकची परवानगी दिली की तुमच्याकडचे नंबर ठरावीक काळानं तिच्याकडे जातात, जे व्हॉट्सॲप वापरत नाहीत त्यांचेही. न वापरणाऱ्यांचे नंबर ओळखू येणार नाहीत अशा रूपात ठेवतो असं कंपनी म्हणते. २०१६ पासून व्हॉट्सॲपची काही माहिती फेसबुककडे जाऊ लागली, आणि जानेवारी २०२१ मध्ये सगळ्यांच्या फोनवर आली ती पाटी आठवा: नव्या अटी मान्य करा, नाहीतर वापरता येणार नाही. दुकानात त्या आठवड्यात मी कितीतरी जणांच्या फोनवर ‘मान्य’ दाबून दिलं. त्याच पाटीबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये सीसीआयनं मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲप-फेसबुकच्या मालक कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. आपल्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी आठवते. हा सीसीआय वेगळा, भारतीय स्पर्धा आयोग. त्याचं म्हणणं होतं की माणसापुढे दुसरा मार्गच ठेवला नाही तर ती संमती कसली. मला ते वाचून दादाचा हात आठवला, फोन माझ्याकडे देणारा.

‘आमच्या नंबरात काय सोनं ठेवलं आहे?’ असं सर विचारतात. सर, एकट्या नंबरात काही नाही. पण तुमच्या फोनची यादी वाचून पाहा. एका घरच्या फोनमध्ये मी ‘डायलिसिस’ असं नाव पाहिलं आहे, आणि ते घर सख्ख्या भावापासून आजार लपवत होतं. एका फोनमध्ये ‘व्याजवाले’ होते. मुलींच्या फोनमध्ये मुलांचे नंबर मैत्रिणींच्या नावानं असतात. यादी म्हणजे माणूस कोणाकोणाला बांधलेला आहे त्याचा कागद. आणि त्यात दुसऱ्याचंही अर्धं असतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. माझी माहिती मी देऊन टाकू शकतो, हे ठीक. पण माझ्या फोनवर बोट दाबून मावशीचा हक्क मी कसा सोडायचा?

तरी माझ्या वहीनं काय साधलं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. माझा स्वतःचा नंबर या पंचक्रोशीतल्या हजारभर फोनमध्ये ‘ऑनलाईनवाले’ म्हणून आहे, तो केव्हाच सगळीकडे गेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात घरगुती कामासाठी माहिती ठेवणाऱ्याला सूट आहे, म्हणजे तुमचं नाव मी फोनमध्ये ठेवलं तर त्यात काही गैर नाही. नंबर फोनमध्ये ठेवून सगळ्या ॲपची परवानगी बंद करता येते, तेही मला येतं, लोकांना मीच करून देतो. एवढंच काय, फोन हरवून रडत आलेल्या बाईला तिचे सगळे नंबर गुगलच्या खात्यातून मी परत मिळवून दिले आहेत. तिच्यासाठी ती प्रत देवासारखी होती. आणि माझा धंदा पाहा: आधार, पासबुक, सातबारा, बोटांचे ठसे, दिवसाला तीस-चाळीस माणसांचं सगळं माझ्या हातून कुठं ना कुठं जातं. बिघडलेल्या झेरॉक्स मी रद्दीत देत नाही, घरी चुलीत घालतो. बायको म्हणते, तुम्ही हे जाळून कोणाला वाचवता? खरं आहे तिचं. पण परवानगी बंद ठेवणारं बोट माझंच आहे आणि त्या बोटावर माझा विश्वास उरलेला नाही. वहीतून काही पाठवायचं तर एकेक आकडा हातानं लिहावा लागतो. तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतो.

गेल्या दिवाळीत दादानं जुना फोन धाकट्या मुलाला दिला, स्वतः नवा घेतला आणि नेहमीसारखा माझ्यापुढे ठेवला. ‘नंबर टाकून दे.’ मी म्हटलं, ‘दादा, वही करून देतो.’ तो म्हणाला, ‘माह्या डोयाले वही दिसते का? टाक फोनात.’ मी टाकत गेलो. लेकीचा नवा नंबर आला तेव्हा मी तिचं आधारवरचं नाव टाकलं. त्यानं फोन हातात घेतला, लांब धरून वाचलं.

‘हे कोण?’

‘चिमी.’

‘मंग चिमी टाक ना. माह्या लेकीले मी त्याईच्या भेवानं दुसऱ्या नावानं बोलावू का?’

मी टाकलं. परवानग्या सगळ्या बंद करून दिल्या, बॅकअप बंद केला. धाकटा दोन दिवसांत सगळं चालू करेल हे मला माहीत आहे. दादानं तिथंच उभं राहून फोन लावून पाहिला. पलीकडून ती ‘हां बाबा’ म्हणाली, आणि तो बोलत बोलत दुकानाच्या पायऱ्या उतरला.